डीचा आकडा आणि पोटाचा घेर

सातारा
१० जानेवारी

चि. समीर यास,


तुझे रक्ताचे रिपोर्ट मिळाले आणि त्याखाली लिहिलेला प्रश्नही वाचला. ‘मावशी, व्हिटॅमिन डी ११ आलंय आणि एचबीएवनसी ६.१. डी भरून काढलं की शुगर आपोआप खाली येईल ना?’ फोनवर दोन मिनिटांत ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते. पण ऑफिसातल्या कोणीतरी तुला दर आठवड्याला डीची साठ हजार युनिटची गोळी कायम घ्यायला सांगितली आणि तू ती सुरूही केलीस, असं ताई म्हणाली. म्हणून सविस्तर लिहिते. माझा जन्म पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला. आकडा छापून देणं सोपं असतं. तो वाचायचा कसा, हे सांगायला काउंटरवर कोणी बसलेलं नसतं.

तुझ्या नजरेत दोनच आकडे भरले. मला त्याखेरीज पाच दिसतात. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३४, रक्तदाब १३४/८८, आणि लॅबने न मोजलेला पण तुझ्या सायलीने टेप लावून कळवलेला कमरेचा घेर, ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी घेराची मर्यादा ९० धरतात, बायकांसाठी ८०. साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, पुरुषांत एचडीएल ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, आणि हा घेर. या पाचांपैकी तीन जमले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुझे पाचही जमलेत. एचबीएवनसी हे साखरेचं लांब पल्ल्याचं माप; ते ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि तू त्यावर उभा आहेस. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक माणसं अशी उंबरठ्यावरची आढळली. तेव्हा तू एकटा नाहीस. पण ‘ड’ जीवनसत्त्व त्या पाचांच्या यादीत नाही, एवढं पहिल्यांदा ध्यानात घे.

मग साखरेचा आणि डीचा संबंध लोक जोडतात तरी कशावरून? जोडण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून ते आधी सांगते.

उन्हातले अतिनील-ब किरण कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून हे जीवनसत्त्व तयार होतं. ते यकृतात जातं आणि तिथे त्याचं साठवणीचं रूप बनतं. तुझ्या रिपोर्टातले ११ हे त्याच रूपाचं माप आहे. पुढे मूत्रपिंडात त्याचं कामाचं रूप बनतं, आणि मग ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. हाडांचं सगळं गणित त्यावर चालतं. पण ते रूप ओळखणारे रिसेप्टर फक्त आतड्यात आणि हाडांत नसतात, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशींतही असतात. १९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अँथनी नॉर्मन यांच्या गटाने दाखवलं, की डीची कमतरता असलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवतं. तेव्हापासून ही शंका शास्त्रज्ञांच्या मनात आहे. पुढे देशोदेशी हजारो माणसांची रक्तं तपासली गेली आणि बहुतेक ठिकाणी तेच दिसलं. ज्यांचं डी कमी, त्यांच्यात मधुमेह जास्त.

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे माझं बरोबर’ असं म्हणू नकोस. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यामागे तीन शक्यता असतात. डी कमी झालं म्हणून साखर बिघडली असेल. साखर बिघडवणाऱ्या चरबीनेच डीही खाली ओढलं असेल. किंवा तिसऱ्याच कशाने तरी दोन्ही केलं असेल. तुझ्या बाबतीत मला यांपैकी दुसरी आणि तिसरी स्पष्ट दिसते.

दुसरीचं आधी. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, त्यामुळे अंगात चरबी जास्त असली की ते तिच्यात पसरतं आणि रक्तात कमी उरतं. एक चमचा साखर पेल्यात घातली तर गोड लागते, बादलीत घातली तर लागत नाही, तसं. बॉस्टनच्या संशोधकांनी २००० साली लठ्ठ आणि सडपातळ माणसांना एकसारखे अतिनील किरण दिले. लठ्ठ माणसांच्या रक्तातलं डी इतरांच्या निम्म्याहूनही कमी वाढलं. पुढे २०१३ साली विमलेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४२ हजार माणसांच्या जनुकांचा आधार घेऊन कोण कोणाला ओढतं हेच तपासलं. जन्मतः वजन वाढण्याकडे कल असलेल्यांत डी कमी आढळलं; बीएमआय १० टक्क्यांनी वाढला तर डी सुमारे ४ टक्क्यांनी घटतं, असा हिशेब निघाला. उलट दिशेचा पुरावा, म्हणजे जन्मतः डी कमी असण्याकडे कल असलेल्यांत वजन वाढतं असा, मिळाला नाही.

आता तिसरी. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास छापला. भरपूर ऊन असलेल्या शहरात, रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांचंच डी फार कमी निघालं, आणि मैदानावर राबणाऱ्या सैनिकांचं त्यांच्यापेक्षा बरंच चांगलं. सैनिकाचं फक्त डी बरं असतं का रे? त्याच्या मांड्या, त्याचं पोट, त्याची साखरही वेगळी असते. आता तुझा दिवस बघ. तळघरातल्या पार्किंगमधून गाडी काढायची, काचा लावून हिंजवडी गाठायची, तिथल्या तळघरात गाडी लावायची, लिफ्टने वर जायचं, अंधार पडल्यावर निघायचं. या दिवसात ऊन नाही आणि चालणंही नाही. त्यामुळे तुझे ११ आणि तुझे ६.१ हे दोन्ही त्या एकाच दिनक्रमातून आले आहेत. एकाने दुसऱ्याला जन्म दिला, असं मानायला फारसा आधार नाही.

तरीही ‘देऊन तर बघू’ हा प्रश्न उरतोच, आणि तो लोकांनी बघितलाय. अमेरिकेत डीटूडी नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट डी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे अडीच वर्षांत डी घेणाऱ्यांतले २९३ मधुमेही झाले, न घेणाऱ्यांतले ३२३. फरक आहे, पण तो योगायोगानेही पडला असू शकतो इतका लहान. नंतर अशा तीन चाचण्या एकत्र करून २०२३ साली हिशेब मांडला गेला. धोका १५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, म्हणजे तीन वर्षांत शंभर जणांमागे साधारण तिघांचा मधुमेह टळला.

तू हुशार आहेस, शोधत बसशील आणि तुला डीटूडीतलाच एक पोटहिशेब सापडेल. ज्यांचं डी सुरुवातीला १२ च्या खाली होतं, त्यांच्यात मधुमेहाचा धोका ६० टक्क्यांहूनही जास्त घटलेला दिसतो. आणि तुझं तर ११! म्हणून आधीच सांगते. तो गट फक्त १०३ जणांचा होता. चाचणी संपल्यावर मोठ्या गटातून असे लहान गट वेगळे काढले की त्यात उजळ आकडे सापडतातच, त्यांवर भरवसा ठेवायचा तर त्याच प्रकारच्या माणसांवर पुन्हा चाचणी व्हावी लागते. पण हा पोटहिशेब मी उडवूनही लावत नाही. चाचणीतल्या माणसांचं सरासरी डी २८ होतं, म्हणजे बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती. भरलेल्या भांड्यात ओतून फायदा दिसेल कसा? ज्याचं खरोखर रिकामं आहे त्याला लाभ होण्याची शक्यता जास्त, हे तर्काला धरून आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ च्या मार्गदर्शनात उंबरठ्यावरच्या माणसांना आहार-व्यायामाच्या जोडीला डी द्यावं असं सुचवलंय. जोडीला, हे विसरू नकोस.

आता डीने मधुमेह टळलेल्या शंभरातल्या त्या तिघांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघ. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच देशातल्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली छापून आला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं, त्यांच्यातले ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास चालणं आणि खाण्यातले बदल खरोखर करून घेतले, त्यांच्यातले ३९ टक्के झाले. म्हणजे शंभरामागे पंधरा-सोळा जण वाचले. दोन देश वेगळे, माणसं वेगळी, त्यामुळे तंतोतंत तुलना करू नये हे मला कळतं. तरी तीन कुठे आणि पंधरा कुठे! आणखी एक, त्या चेन्नईकरांचं वजन फारसं उतरलं नव्हतं तरी फायदा झाला. तेव्हा वजनकाटा हलत नाही म्हणून चालणं सोडून देण्याचा मार्ग तुला बंद आहे.

‘पण मी कुठे जाडा आहे?’ हे तुझं नेहमीचं वाक्य मी ऐकल्यातच जमा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. हातपाय बारीक, पोटात चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे, आणि याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासाने दाखवलं की ती जन्मापासून असते. म्हणून शर्टाचा साइज तुला काही सांगणार नाही. घेर सांगेल.

एवढं झाल्यावर डीचं काय करायचं ते सांगते, कारण ११ हा आकडा सोडून देण्यासारखा नाही. लॅबच्या कागदावर ३० च्या खाली सगळं ‘अपुरं’ छापतात, त्याने अख्खं पुणं आजारी ठरतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली जवळपास सगळ्यांच्या हाडांना २० पुरतात असा निर्वाळा दिला. ३० चा आग्रह धरणाऱ्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ मध्ये तो सोडला. पण ११ कोणत्याही मापाने कमीच. इतकं कमी बराच काळ राहिलं तर हाडं मऊ पडतात, मांड्यांतला जोर जातो, जिना चढताना माणूस कठड्याला धरतो. तुझी कंबर आणि पोटऱ्या दुखतात म्हणतोस, त्यात याचा वाटा असू शकतो. आणि जेवणातली साखर सगळ्यात जास्त खाऊन टाकणारा अवयव म्हणजे स्नायूच. तेव्हा चालायला अंगात बळ हवं म्हणून तरी डी भर.

मात्र भरण्याची रीत असते. साठ हजारांची गोळी आठवड्याला एक, अशी साधारण आठ आठवडे देतात, मग महिन्याला एक किंवा रोजची लहान मात्रा. कायम दर आठवड्याला साठ हजार म्हणजे रोजचे साडेआठ हजार युनिट होतात, आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० आहे. रोजची गरज तर आयसीएमआरच्या हिशेबाने ६०० च. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, साठत राहतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढवतं. मग बद्धकोष्ठ, मळमळ, सारखी तहान, सारखी लघवी. पुढे मूतखडा, मूत्रपिंडाला इजा. तहान आणि लघवी ही तर मधुमेहाचीही लक्षणं, त्यामुळे तू भलत्याच गोष्टीला घाबरून बसशील. ऑफिसातल्या मित्राचा सल्ला बाजूला ठेव, तुझ्या डॉक्टरांकडे जा, किती गोळ्या झाल्या ते खरं सांग आणि तुझ्या बाबांना दोनदा मूतखडा झाला होता हेही सांग. गोळी जेवणाबरोबर घे, पोटात थोडं तूप-तेल असलं की ती नीट शोषली जाते. कोणी सहा लाखांचं इंजेक्शन एकदाच टोचून घे म्हटलं तर नको म्हण. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले होते. त्यांचं पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. ताईलाही हे सांग, तिला असल्या एका फटक्यातल्या औषधांची फार आवड.

उन्हाबद्दल आपल्या घराघरांत एक समज आहे, तो सुटला पाहिजे. ‘सकाळी कोवळ्या उन्हात बस, ड मिळतं.’ कोवळं ऊन प्रसन्न असतं, त्यात जरूर बस. पण सूर्य तिरपा असताना त्याच्या किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि अतिनील-ब किरण वरच्या ओझोनमध्ये अडकतात. ते खाली पोचतात सूर्य डोक्यावर आल्यावर. आपल्या अक्षांशावर साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोन ही खरी वेळ. खूण सोपी आहे. तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा लहान असेल तरच डी तयार होतं. डिसेंबर-जानेवारीत अशी वेळ भर दुपारी थोडाच काळ मिळते. काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून गाडीत आणि ऑफिसच्या खिडकीशी बसून मिळतं ते फक्त ऊन. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. बाह्या वर करून, डोक्यावर टोपी घालून, पंधरा-वीस मिनिटं, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत. उन्हाने डीचा अतिरेक होत नाही. गरजेपुरतं झालं की कातडीच जादा माल निकामी रूपांत बदलून टाकते. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात मात्र शहाणपणा करू नकोस. तेव्हा आणि पावसाळ्यात ढग दाटलेले असताना गोळीवरच भागव.

खाण्यातून डी फार मिळत नाही. बांगडा, तारली, अंड्याचा बलक, आणि पिशवीवर ‘+एफ’ची निळी खूण असलेलं दूध किंवा तेल, एवढीच काय ती यादी. बांगडा ताटात असू दे, पण त्याच्यासोबत भाताचा डोंगर नको.

म्हणून आता क्रम असा ठेव. दुपारचा डबा बाराच्या सुमारास संपव आणि उठून बाहेर वीस मिनिटं चाल. यात तुझी दोन कामं एका फेरीत होतात. ऊन मिळतं, आणि जेवणानंतर पायांचे स्नायू चालते ठेवल्यामुळे ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. रात्री जेवल्यावर आणखी पंधरा मिनिटं, तेवढी सायलीलाही घेऊन जा. आठवड्यातून तीनदा बैठका आणि जोर काढ, कॉलेजात असताना काढायचास तसे. जिमची वर्गणी भरून तिकडे न जाण्यापेक्षा हे स्वस्त. भात-पोळी निम्म्यावर आण, ती जागा उसळीने आणि कोशिंबिरीने भर. चहातली साखर आणि चारच्या सुमाराचं फरसाण बंद. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल बघत जागतोस, तेही साखरेला पोसतं. अकराला आडवा हो.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी नको. रक्तातलं डी निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात आणि ते नव्या पातळीवर स्थिरावायला तीन महिने. एचबीएवनसीसुद्धा साधारण मागच्या तीन महिन्यांचीच साखर सांगतं. त्या वेळी डी ३० झालं आणि साखर तिथेच राहिली, तर नवल वाटून घेऊ नकोस. गोळीने आपलं काम केलेलं असेल, तुझं बाकी असेल. घेर ९८ चा ९४ झाला आणि एचबीएवनसी ५.८ वर आलं, तर डी कितीही येऊ दे, मला मिठाई पाठव. तुला खायला मिळणार नाही.

आणि तुमच्या ओवीचं. ती सात वर्षांची आहे, तिची हाडं आत्ता बांधली जातायत. तुम्ही तिला कसल्या कसल्या क्लासांना घालून घरात कोंडता, शनिवार-रविवारी तरी दुपारच्या जेवणाआधी तासभर मैदानावर सोडत जा. काळी पडेल म्हणून सायलीची आई कुरकुरेल. तिला माझं नाव सांग.

ताईला नमस्कार, सायलीला आणि ओवीला आशीर्वाद.

तुझी,
शैलामावशी